गोड गोळ्या आणि कठीण कसोटी

गिरगांव-दादरच्या पुष्कळ घरांत होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्यांची बाटली असते. ही चिकित्सा जर्मन वैद्य हानेमान यानें १७९६ सालीं मांडली. निरोगी माणसांत जें द्रव्य जीं लक्षणें उत्पन्न करतें, तेंच अत्यल्प दिल्यास तशा लक्षणांचा रोग बरा होतो, हें तिचें सूत्र. परंतु दर खेपेस शंभरपट असें बारा वेळां पातळ केल्यावर मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची खात्री नसते.

मग ही लोकप्रिय कां? औषध स्वस्त, मुलें आवडीनें घेतात, आणि वैद्य रोग्याची हकीकत शांतपणें ऐकतो. हा शेवटला गुण सर्वच डॉक्टरांनीं घ्यावा. पण पडसें काळानेंही बरें होतें; तेव्हां 'आम्हांस गुण आला' एवढा दाखला पुरेसा नव्हे.

खरा दाखला मुंबईनें १८९७ सालीं पाहिला. हाफकिन यांनीं प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगांत टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. परळची संस्था त्यांचेंच नांव चालविते. होमिओपॅथीवरील अशा तुलनांचा आढावा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकसंशोधन मंडळानें २०१५ सालीं प्रसिद्ध केला; भरंवशाचा पुरावा एकाही विकारांत आढळला नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती कीं, ताप उतरेना किंवा धाप लागली, तर गोळ्यांवर विसंबून न राहतां केईएमसारखें रुग्णालय तत्काळ गांठावें. विद्यार्थ्यांनीं मात्र कोणत्याही औषधाविषयीं 'तुलना झाली काय?' असें विचारण्याची संवय आतांपासूनच लावून घ्यावी.