शिवणीची धावपट्टी अन् वावरवाल्याचा हिशोब

राजेहो, १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्यावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आपल्या इकडं पारावर एकच विषय. मंग अकोल्याचं काहून नाही?

शिवणीची धावपट्टी १९४३ ची, इंग्रजाच्या काळातली. शेजारचं कृषी विद्यापीठ आलं १९६९ ला. म्हणजे धावपट्टी २६ वर्षांनी मोठी. पण तिची लांबी साधारण १४०० मीटरवरच थांबली, अन् बेलोऱ्याची आहे १८५०. सत्तर-बहात्तर सीटचं एटीआर भरून उडवायचं तर अठराशेच्या आसपास पाहिजे. उन्हाळ्यात तर जास्तच, कारण हवा तापली की पातळ होते अन् विमानाला उचलायला लांब धावावं लागते. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला काय सांगू!

लांबी वाढवायची तर विद्यापीठाची जमीन लागते, काही शेतकऱ्यांचीही. घोडं अडलं ते इथं. विद्यापीठानं वेळ लावला म्हणून बोटं मोडणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. वाणाच्या चाचण्या वर्षानुवर्षं त्याच मातीत चालतात, तवा कुठं आपल्याले तुरीचं, हरभऱ्याचं बियाणं भेटते. ते शेत उचलून दुसरीकडं नेता येत नाही.

विमानाला माझा विरोध नाही. मुंबईच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असला तर तासाभराचा प्रवास कोणाला नको? पण 'शेतमाल विमानानं जाईल' हे भाषण बंद करा बावा. आपल्या वरवट बकालचा माल म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. हा ट्रकनं अन् रेल्वेनंच जाणार. विमानात परवडते ते किलोला भारी भाव असलेलं, लवकर नासणारं.

अन् जळगावकडं पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतलं विमान आलं, काही महिन्यांत बंद. २०१९ ला दुसरी कंपनी आली, तेही बंद पडलं. २०२४ ला पुन्हा सुरू. सरकार कंपनीला तोटा भरून देते तो ठरावीक वर्षांपुरता, पुढं सीटा भरल्या तरच विमान राहते.

म्हणून ज्याचं वावर धावपट्टीत जाईल त्यानं २०१३ चा भूसंपादन कायदा नीट वाचावा. कलम ११ ची अधिसूचना निघाली की कलेक्टरच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही, तिच्यावर बोजाही चढवता येत नाही. ताबा घेऊन पाच वर्षं वापरली नाही, तर कलम १०१ प्रमाणं ती मूळ मालकाला नाहीतर सरकारच्या जमीन बँकेत जाते. कोणाकडं जाणार, ते ताबा देण्याआधीच लेखी विचारा. मोजणीच्या दिवशी विहीर, पाइपलाइन, संत्र्याची झाडं सगळं पंचनाम्यात चढलं का, तेही स्वतः उभं राहून पाहा.