लेखकाचा वाचक कोण?



आपल्या समाजात आज लिहिणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती, आपण कोणासाठी लिहितो याचा निर्णय लेखणी उचलण्यापूर्वीच करणाऱ्यांची. कित्येक लेखकांची दृष्टी लिहिताना आपणाकडे नसतेच. ती पारितोषिक समितीवर असते, अथवा 'एवढे कडवट नको' असे गोड शब्दांत सुचविणाऱ्या संपादकावर असते. त्याला रुचावे म्हणून धर्मांतराचे प्रकरण चार ओळींत आटोपते आणि बावीस प्रतिज्ञांच्या 'काही प्रतिज्ञा' होतात. मग पुस्तक खपले नाही की हेच गृहस्थ व्यासपीठावरून खेद व्यक्त करतात, 'आपला समाज वाचत नाही!' मी विचारतो, ज्याला तुम्ही लिहितानाच दाराबाहेर उभे केले, तो तुमचे पुस्तक उघडण्यास आत येईल काय?

पूज्य बाबासाहेबांचे वर्तन पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्ष म्हणून पाचारण केले. श्रोते सवर्ण हिंदू असणार हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. त्या श्रोत्यांना काय ऐकणे आवडेल याचा नव्हे, तर त्यांनी काय ऐकणे अवश्य आहे याचा विचार करून त्यांनी भाषण लिहिले. मजकूर पाहताच मंडळ गडबडले. वेद व धर्मशास्त्रांवरील भाग गाळावा अशी विनंती आली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद झाली नाही. तेव्हा त्यांनी पदरमोड करून तेच भाषण छापले, आणि इंग्रजीतील दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या! श्रोत्यांना भाषण सोसणार नाही असे चालकांनी ठरविले होते. वाचकांनी ते पैसे देऊन नेले.

आणि छापल्यानंतर? गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. (आठ आणे किंमत कमी करून दोन, निदान चार आणे ठेवावी, असेही त्यांनी सुचविले होते.) बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका छापली व तिच्याच पाठोपाठ आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे दडवून दावा जिंकू पाहणारे वकील मी पुष्कळ पाहिले आहेत. येथे दोन्ही बाजू वाचकाच्या हाती दिल्या, कारण निवाडा वाचकाने करावयाचा होता.

आता माझ्या पदरातले माप. काही वर्षांपूर्वी मी जातीच्या दाखल्याविषयी एक पुस्तिका लिहिली. अनुसूचित जातींसंबंधीचा १९५० चा आदेश प्रथम हिंदूंपुरता कसा होता, १९५६ साली तो शिखांना व १९९० साली बौद्धांना कसा लागू झाला, हे सारे मी साधार मांडले. वकील मित्रांनी पाठ थोपटली. एके दिवशी नुकतीच दीक्षा घेतलेली एक भगिनी ती पुस्तिका घेऊन आली. "साहेब, सगळं वाचलं. पण पोरीच्या अर्जात धर्म बौद्ध लिहू का हिंदू, ते यात कुठं आहे?"

ते कोठेच नव्हते. सवलत जाईल या भयाने विहारात बौद्ध आणि कागदावर हिंदू राहणारी कुटुंबे मी रोज पाहत होतो. तरीही पुस्तिका मी बार लायब्ररीसाठी लिहिली होती! दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्याच पानावर मी घातले: धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, जातीच्या रकान्यात आपली मूळ अनुसूचित जात लिहा, १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध झाल्याने तो दर्जा जात नाही. ही सुधारणा त्या भगिनीची आहे. ती घरी गप्प बसली असती, तर माझी चूक तशीच दुसऱ्यांदा छापली गेली असती.

म्हणून या वर्षावासात आपल्या विहारात एखाद्या लेखकाला पाचारण कराल, तेव्हा हार घालण्यापूर्वी त्याला एवढे विचारा: आपण छापण्यापूर्वी कोणत्या ओळी गाळल्या, आणि कोणाच्या सांगण्यावरून?