वेगळ्या घरातली मुलेही वारसच

वडील वारले की मुले यतीम होतात. आई हयात असली तरी होतात, आणि वडील कित्येक वर्षे वेगळे राहत असले तरीही होतात. पण अशा मुलांच्या बाबतीत एक गोष्ट सोयीने विसरली जाते. घर मोडले म्हणजे नवरा-बायकोचे नाते मोडते, बापलेकरांचे नाही. "तो तुम्हाला बघत नव्हता, मग आता कसला हिस्सा मागता?" असे तदफीनला चार दिवस होत नाहीत तोच ऐकवले जाते. आम्हा शिक्षकांकडे या माता येतात त्या मुलांचा निर्गम उतारा मागायला, आणि बोलता बोलता कळते की चाळिसाव्याच्या आतच कोणीतरी स्टॅम्प पेपरवर त्यांची सही घेऊन गेले आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतो.

आधी वारस कोण ते पाहू. मुले कोणत्याही परिस्थितीत वारस आहेत. ती कोणाजवळ राहत होती, बापाने खर्च दिला की नाही, याने फरक पडत नाही. बायकोचे मात्र बघावे लागते. रीतसर तलाक किंवा खुला होऊन इद्दत संपली असेल तर तिला हिस्सा नाही. नुसतीच माहेरी राहत असेल तर ती आजही बायको आहे. तिला विरासत आहे आणि चार महिने दहा दिवसांची इद्दतही आहे. एका दमात तीन वेळा उच्चारलेला तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

वाटणीपूर्वी क्रम पाळायचा असतो: आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत (जास्तीत जास्त एक तृतीयांश), आणि उरलेल्याची वाटणी. बाकी राहिलेला मेहर हेही कर्जच आहे. तलाक झालेल्या बाईचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही याच क्रमाने आधी द्यावा लागतो. बापाच्या कर्जाला वारस बांधील असतात, पण मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. मुलांनी खिशातून फेडण्याचा प्रश्न येत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. कर्ज फेडून २४ लाख उरले. मागे आई, दोन बायका, पहिलीचा एक मुलगा व एक मुलगी आणि दुसरीची एक मुलगी आहे. मरहूमचे वडील आधीच वारले आहेत. आईला एक षष्ठांश, म्हणजे ४ लाख. दोन्ही बायकांना मिळून एक अष्टमांश, म्हणजे ३ लाख, प्रत्येकी दीड. उरले १७ लाख. त्यात मुलाला साडेआठ आणि दोन्ही मुलींना प्रत्येकी सव्वाचार. पहिलीचा तलाक झालेला असता तर तीनही लाख दुसरीला गेले असते, पण मुलांच्या हिश्शात एक पैसाही कमी झाला नसता.

आता सर्वांत नाजूक बाब. मूल आईच्या ताब्यात असले तरी हनफी कायद्यात त्याच्या मालमत्तेचा पालक वडील, आणि त्यांच्यानंतर त्यांनी नेमलेला माणूस किंवा आजोबा असतो. आई आपोआप होत नाही. इमामबंदी विरुद्ध मुतसद्दी या १९१८ च्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितले होते: आईने विकलेला अज्ञान मुलांचा हिस्सा मुलांवर बंधनकारक नाही. या निर्णयाची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. चुलत्यांनी आईकडून हक्कसोड लिहून घेतले, तरी त्याने मुलांचा हक्क जात नाही. आईने १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व घ्यावे. त्यानंतरही मुलांची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागतेच.

कागदांची सुरुवात मृत्यू प्रमाणपत्राने होते. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे असते. माणूस जालन्याचा, पण घाटीत वारला असेल तर नोंद छत्रपती संभाजीनगरची. जास्त प्रती काढाव्यात. मग नावे ताडून पाहावीत. आपल्या मराठवाड्यात "शेख अमुक शेख तमुक" अशी नावे असतात. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे, शाळेच्या रजिस्टरवर तिसरे. मुलाचा निर्गम उतारा हा बापलेकाच्या नात्याचा मोठा पुरावा आहे. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे मराठी भाषांतर करून ठेवावे.

शेती वडिलांच्या नावावर असेल तर तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्यावा. अज्ञान मुलांची नावे सातबाऱ्यावर अ.पा.क. म्हणून लागतात. आपल्याला वगळून फेरफार निघाला असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे, पण नाव नसल्याने पुढे भांडण वाढते.

बँकेत भावाचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी घाबरू नये. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितले. विम्याचे नियम २०१५ पासून थोडे वेगळे आहेत. ते वकिलांना विचारावेत. वडील एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात असतील तर पीएफ पाहावा. लग्नाआधी भावाच्या नावे केलेले नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही. पीएफच्या पेन्शन योजनेत एका वेळी दोन मुलांना २५ वर्षे वयापर्यंत पेन्शन मिळते, आईचा तलाक झालेला असला तरी. पासबुकात वर्षाला ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधानांच्या नावाच्या २ लाखांच्या विमा योजना असू शकतात. दुसऱ्या योजनेत अपघाती मृत्यूच धरतात.

पोटगीचा आदेश वडिलांबरोबर संपतो, म्हणून इतर आधार शोधावेत. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळू शकतात. निराधार विधवा व तलाकपीडित महिलांसाठी तहसीलमध्ये संजय गांधी योजना आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. महिला व मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

एक दुखरी गोष्ट उरते. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल आणि वडील त्यांच्याआधी गेले, तर चुलते हयात असताना नातवंडांना त्या जमिनीत विरासत मिळत नाही. पण आजोबा एक तृतीयांशापर्यंत वसियत करू शकतात, किंवा हयातीतच हिबा करून ताबा देऊ शकतात. हे काम आजोबांनी आज करावे, कारण त्यांच्यानंतर ते कोणाच्याही हातात राहणार नाही.

चुलत्यांनाही आमचे सांगणे आहे. सूरह अन-निसाने यतिमांचा माल खाणे म्हणजे पोटात आग भरणे म्हटले आहे, आणि आपले प्रेषित (स.) स्वतः जन्माआधीच यतीम झाले होते. भावाशी तुमचे पटले नसेल, भावजयीशी त्याहून नसेल. पण त्या मुलाच्या नावाचे चार एकर हे त्या भांडणाचे नाहीत. मूल सज्ञान झाल्यावर साक्षीदारांसमोर त्याचे त्याला द्यायचे आहे. तोवर ते अमानत आहे, एवढे समजले तरी पुष्कळ.