कांचीचा तिसरा धोटा

मोक्षदायिनी मानलेल्या सात नगरींपैकी कांचीपुरम ही एक. चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरांवर असलेल्या या गावी येणाऱ्या यात्रेकरूचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी कामाक्षी, एकाम्रेश्वर आणि वरदराज यांचे दर्शन. सवड उरलीच तर कैलासनाथ. (खरे तर आरंभ तेथूनच व्हावा. पल्लव राजा राजसिंह याने आठव्या शतकाच्या प्रारंभी उभारलेले ते वालुकाश्माचे मंदिर शिल्पांनी समृद्ध आहे.) दुपारी मंदिरांची दारे मिटली, की हाच भाविक रेशमी साड्यांच्या दुकानात शिरतो आणि घासाघीस सुरू करतो.

या घासाघिशीचा विचार व्हावयास हवा. कांचीच्या ‘कोरवै’ पद्धतीच्या साडीत काठ एका रंगाचा आणि अंग दुसऱ्या रंगाचे असते. काठ मागाहून शिवलेला नसतो. विणतानाच त्याचा बाणा अंगाच्या बाण्यात गुंतवला जातो. त्यासाठी तीन धोटे लागतात : एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. एकट्या विणकराचे हात तिन्ही धोट्यांना पुरत नाहीत. म्हणून त्याच्या शेजारी एक मदतनीस बसतो.

हा मदतनीस एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनेक ठिकाणी लहान मूल असे. कोणी आईवडिलांच्या मागावर बसे, तर कोणी घेतलेली उचल फेडण्यासाठी परक्याच्या. कायदा, शाळा आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रयत्न यांमुळे ही मुले मोठ्या संख्येने मागावरून उठून वर्गात गेली. कोणत्याही गोपुराच्या उंचीहून ही गोष्ट थोर आहे.

परंतु मुलाच्या जागी प्रौढ माणूस बसला, म्हणजे त्याला प्रौढाची मजुरी द्यावी लागते. रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेहून; त्यांचे भाव विणकराच्या हाती नाहीत. त्यामुळे ग्राहकाने पाडून मागितलेली किंमत बव्हंशी मजुरीतूनच वजा होते. शिवाय शेजारच्याच दुकानात यंत्रमागावरची, दिसावयास तशीच साडी निम्म्या दरात टांगलेली असते. कांचीपुरम रेशमाला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे; पण ते पाहून साडी घेणारे ग्राहक थोडेच.

देवापुढे दक्षिणा ठेवताना कोणी घासाघीस करीत नाही. ज्या साडीसाठी दोन माणसे अनेक दिवस मागावर बसली, तिच्या किमतीतून दोनशे रुपये कमी करून घेण्यात मात्र चातुर्य मानले जाते. ते दोनशे रुपये बहुधा तिसऱ्या धोट्याचे असतात.