फुली कुठे आहे?

दिवाळी अंकाच्या संपादकाने जाहिरातींना नाक मुरडणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, ती आम्ही चालवतो, पण अंकाच्या किमतीत आमचा खर्च निघत नाही. उरलेला भार सराफ, सहकारी बँका आणि मसालेवाले उचलतात. म्हणून यंदाचा विशेष विभाग व्हिडिओ गेममधल्या जाहिरातींवर करायचे ठरले, तेव्हा आमचे जाहिरात-व्यवस्थापक नुसतेच हसले.

विषय घरातच सापडला. नात मोबाइलवर खेळत होती. गेममधला तिचा जीव संपला आणि पडद्यावर सौदा आला: पैसे भरा, नाहीतर तीस सेकंदांची जाहिरात बघा, नवा जीव घ्या. तिने जाहिरात लावली, फोन उशीवर पालथा टाकला आणि चकली घेऊन आली. “आजोबा, ती बघायची नसते, संपू द्यायची असते.” मग कोपऱ्यात तिळाएवढी फुली उगवली. माझे बोट फुलीच्या शेजारी पडले आणि भलतेच दुकान उघडले. नातीने कपाळाला हात लावला.

जिवाची ही घासाघीस पूर्वी नव्हती. कोका-कोलाने १९८३ मध्ये आपल्या विक्री-अधिवेशनासाठी अटारीकडून एक गेम करून घेतला होता. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधल्या परग्रहवासीयांच्या जागी प्रतिस्पर्धी पेप्सीची अक्षरे, ती गोळ्या घालून पाडायची. प्रती जेमतेम सव्वाशे. त्यात खेळणाऱ्याला मरणच नव्हते. तीन मिनिटे झाली की कोक जिंकल्याचे पडद्यावर यायचे. पाहुण्यांना बोलावून हरवायचे कसे! अख्खा गेमच जाहिरात होता, पण त्यात लपवाछपवी नव्हती.

मोटारींच्या शर्यतीच्या गेममध्ये कडेला फलक असतात, त्याबद्दल तर माझी तक्रारच नाही. फलकांवाचून शर्यतीचा रस्ता खोटा वाटेल. पण २००८ मध्ये त्या फलकांमागे डोळे आले. बराक ओबामांच्या प्रचारकांनी ‘बर्नआउट पॅराडाइज’ आणि आणखी काही गेममध्ये जागा घेतली. भरधाव मोटारीतून मुलगा वळण घेतो, तर समोर ओबामा: मतदान सुरू झाले आहे, जाऊन या. हे दिसायचे फक्त दहा राज्यांत, जिथे कौल इकडचा तिकडे होऊ शकत होता. इंटरनेटला जोडलेले यंत्र कुठे आहे ते कळत होते. शेजारच्या राज्यातला मुलगा त्याच वळणावर दुसरेच काही बघत असे.

आमच्या मलपृष्ठाला ही विद्या येत नाही. सावंतवाडीच्या निवृत्त मास्तरांना आणि हिंजवडीतल्या त्यांच्या सुनेला ते एकच मंगळसूत्र दाखवते. मास्तरांना ते घ्यायचे नाही, सुनेला आवडलेले नाही; दोघेही पान उलटतात. पान उलटायला आम्ही तीस सेकंद थांबवत नाही.

लुडोचेच बघा. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. मी नागपूरच्या भावाबरोबर रोज रात्री खेळायचो आणि त्याबद्दल त्या गेमचा ऋणीच आहे. सोंगटी मारल्यावर भाऊ पूर्वीसारखाच चिडायचा. फक्त पूर्वी दोन डावांच्या मधे आई चहा आणायची, आता मधे जाहिरात यायची.

अर्थात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. दरवर्षी कुणीतरी लेखाच्या वेषात जाहिरात पाठवतेच, आणि एके वर्षी आम्ही ती छापलीही होती. यंदा एका गृहप्रकल्पवाल्यांनी वेगळीच गळ घातली: कथेच्या नायकाला आमच्या इमारतीत राहायला पाठवा, दर तिप्पट देऊ. कथालेखिकाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “पाठवते की! पण माझा नायक तिसऱ्या पानावर गच्चीवरून उडी मारतो, तेवढे त्यांना सांगा.”

व्यवहार फिसकटला. त्यांच्यासाठी राखलेल्या पानावर आता शब्दकोडे आहे.