उपयोग काय?

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ भाचीबद्दल तक्रार करत होते. "चार वर्षं सिग्नल, कोड असलं काहीतरी करतेय. उपयोग काय? आता पीएच.डी. सोडून नोकरी धर म्हटलंय." बोलताना खिशातला फाइव्ह-जी मोबाइल सारखा वाजत होता!

मी बी.ए. झालेला मास्तर, गणितात कच्चा. पण हकीकत ठाऊक आहे. हवेतून येणाऱ्या संदेशात चुका शिरतात. त्या दुरुस्त करण्याची एक पद्धत रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० साली एमआयटीतल्या प्रबंधात मांडली. तेव्हाच्या यंत्रांना ती झेपेना; तीसेक वर्षं ती जवळजवळ अडगळीत पडली. त्यांचे विद्यार्थी एर्दाल अरिकान १९८७ साली तुर्कस्तानात, अंकाराच्या बिल्केंट विद्यापीठात रुजू झाले. त्यांचे 'पोलर कोड' प्रसिद्ध झाले २००९ साली. २०१६ मध्ये फाइव्ह-जीसाठी गुरु-शिष्य दोघांच्याही पद्धती निवडल्या गेल्या.

उपयोग जरूर विचारावा. पण चौथ्या वर्षीच? कोय लावून रोज उकरून बघणाऱ्याच्या दारी आंबा कसा येणार? आणि आमरस तर सगळ्यांनाच हवा!

साहेब, पोरीला प्रबंध पुरा करू द्या.