मुलं किती?

'मुलं किती तुम्हाला?'

लंच टेबलवरचा अगदी साधा प्रश्न. माझ्या ताईने नुकताच नवा जॉब जॉइन केला. पहिल्याच दिवशी डबे उघडता उघडता कोणीतरी तिला हे विचारलं. ताई म्हणाली, 'एक मुलगी. सात महिन्यांची असताना गेली.' टेबलवर एकदम शांतता! मग एकजण म्हणाली, 'भेंडी मस्त झालीय हं.'

रात्री फोनवर हे सांगताना ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, 'नाव तरी विचारायचं ना गं कोणी...'

आम्ही तिला छकुली म्हणायचो. २०२१ मध्ये जन्मली. तीन महिन्यांची झाली तरी मान धरेना, पाय उचलेना, रडणंही अगदी बारीक. 'काही मुलं उशिरा करतात,' इति समस्त नातेवाईक. मग ब्लड रिपोर्ट आला. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, टाइप वन. स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशीच मरत जातात. हातपाय, गिळणं, श्वास... सगळं हळूहळू थकत जातं.

त्यानंतर घरात एकच चर्चा, कोणामुळे? 'ग्रहणात काही चिरलं होतंस का?' इथपर्यंत! शेवटी डॉक्टरांनी कागदावर चार गोल काढून दाखवले. आई-बाबा दोघंही कॅरिअर, म्हणजे स्वतः ठणठणीत. पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. चूक कोणाचीच नाही. आपण कॅरिअर आहोत का, हे साध्या ब्लड टेस्टने कळतं. पण अशी टेस्ट असते, हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. तो कागद ताईच्या पर्समध्ये अजून आहे.

पुढचा आकडा तुम्हीही पेपरात वाचला असेल. १६ कोटींचं इंजेक्शन! अमेरिकेत मे २०१९ मध्ये मान्यता मिळालेली जीन थेरपी. मदतीचं आवाहन मीच लिहिलं. जर्नालिस्ट ना मी! 'चिमुकलीची मृत्यूशी झुंज' वगैरे वगैरे. अनोळखी लोकांनी शंभर-दोनशे रुपयेही पाठवले. पण रक्कम जमायच्या आत न्यूमोनियाने गाठलं.

त्या आवाहनात आजार होता, आकडा होता, अकाउंट नंबर होता. छकुली कुठेच नव्हती. म्हणून आज लिहिते. छकुलीला कुकरची शिट्टी जाम आवडायची. हात उचलता यायचा नाही, पण शिट्टी झाली की डोळे लकाकायचे आणि बाईसाहेब चेहराभर हसायच्या. ताई मुद्दाम एक शिट्टी जास्त काढायची. आमच्याकडे तेव्हा भात रोज गिचका!

खरं सांगू? भेंडीवालीला मी नावं ठेवू शकत नाही. इतकी वर्षं मीही हेच केलं. छकुलीचा वाढदिवस आला की ताईशी बोलायचे ते ऑफिस, ट्रॅफिक, सेल यावर. वाटायचं, उगाच आठवण कशाला करून द्या? जणू ती विसरलीच होती!

यंदा त्या दिवशी मी ताईला फोन केला आणि म्हटलं, 'आज छकुलीचा बर्थडे.' ताई पाऊण तास बोलत होती. रडलीसुद्धा. पण त्या भातावरून दोघी पोट धरून हसलोही.

सो फ्रेंड्स, तुमच्या टेबलवर कोणी असं उत्तर दिलं, तर भेंडीकडे वळू नका. नाव विचारा. आणि मग ऐका.